सुई दोन्हीकडे तीच

माझी नात यशस्विनी बारावी पास झाली ते वर्ष. गुडघा दुखतो म्हणून मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बसलो होतो. बाजूच्या बाकावर आमच्या लष्कर मोहल्ल्यातले येसाजीराव आणि त्यांच्या पत्नी तुळजाबाई.

“अहो, येलवालचा अ‍ॅक्युपंक्चरवाला खांद्यासाठी पायात सुया टोचून वीस मिनिटं निजवतो. इथं कसं?”

“इथं ड्राय नीडलिंग. दुखऱ्या गाठीतच टोचतात, स्नायू उडतो, लगेच काढतात. सुई तीच, अल्वा, हो ना?”

“मग येलवालवाल्यानं तुम्हाला परत का धाडलं?”

“रक्त पातळ करायची गोळी घेतो म्हणून. इथं पण तेच विचारणार.”

“काय सांगणार?”

“नाही घेत. खोटं नाही ते. रविवारपासून बंद केली.”

“आज गुरुवार. हृदयाची झडप बदललेला माणूस तुम्ही. कुणाला विचारलं?”

“सुम्ने बस ग, गप. हात वर जात नाही. लग्नात नातजावयाला फेटा मीच बांधणार.”

“फेटा कुणीही बांधील.”

“कुणीही बांधतं म्हणून तर टोपलं ठेवल्यासारखा दिसतो.”

“गोळी पिशवीत आहे. आत्ता घ्या.”

“सुया झाल्यावर बघू.”

आतून त्यांचं नाव पुकारलं.

येसाजीराव तीनच दिवसांनी, रविवारी सकाळी, झडपेत रक्त गोठून वारले.