नऊ नंबरचं माहेर

नाही नाही, चूक तुमची नाहीच हो — एजंटने नऊ नंबर दिला, तुम्ही नऊ नंबरवर गाडी लावलीत, संपलं! पण बसा कुशल, चहा टाकलाय — कालच राहायला आलात, घरात अजून दूधसुद्धा नसेल. ती पांढरी गाडी तेवढी हलवावी लागेल. आत्ता नाही हो, चहा घेऊन. का म्हणजे? अहो, तुम्ही एका बाईच्या स्वयंपाकघरात गाडी लावलीय!

हसू नका. बर दुबईचा हा तुकडा म्हणजे पूर्वी कोळ्यांचं गाव — झावळ्यांची घरं, समोर खाडी, दारात वाळत घातलेली मासळी. आपली लिफ्ट आहे ना, तिथे विहीर. मला कुणी सांगितलं? उम्म सालेमने! मागच्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, श्रावणातल्या शुक्रवारी मी खाली कचरा टाकायला गेले, तर नऊ नंबरच्या खांबावर हात ठेवून एक म्हातारी उभी — काळा पायघोळ अबाया, नाकावर इथल्या म्हाताऱ्या घालतात तो चमकणारा मुखवटा. म्हटलं, किसको मंगता? तर म्हणते कशी — हिंदी माझ्यापेक्षा बरं हो तिचं — ये मेरे बाप का घर है. मला वाटलं, बिल्डिंगची मालकीणच आली! मी लगेच गळक्या नळाचं गाऱ्हाणं सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, बेटी, घर था. अभी नहीं है.

आता सांगा, लेक माहेरी आलेली, रिकाम्या हाताने पाठवायची? आपल्यात चालतं? नाही चालत! मी धावत वर — तांदूळ, नारळ, सासूबाईंनी पाठवलेला खण — आणि खाली येऊन ओटीच भरली. नवरा आहे की नाही, विचारलंही नाही — माहेरवाशीण ती माहेरवाशीण. पदर कुठून आणणार, अबायाच धरायला लावला पुढे. कुंकू लावायला गेले तर कपाळच सापडेना! तिचा नातू गाडीतून ओरडतोय, "ग्रँडमा, व्हॉट इज शी डूइंग?" आणि मोहिद्दीन, आपला वॉचमन — तो पाण्याची बादलीच घेऊन धावला, त्याला वाटलं मी करणी करतेय!

पुढच्याच शुक्रवारी बाई परत हजर. एकटी? छे! सुना, बहिणी, नातवंडं, आणि परातीत भातावर अख्खा बकरा! श्रावण हो — आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा बंद, आणि समोर बकरा. आमचे हे — सदानंद — एरवी श्रावणात अंड्याच्या केकला शिवत नाहीत. म्हणाले, पाहुण्याचं मन मोडू नये. आणि बसले की मांडी घालून, तिथेच, नऊ नंबरवर! दोनदा भात घेतला. तेव्हापासून दर शुक्रवारी तिथे सतरंजी पडते, खलास.

जागा तुमची, मला कळतं. तुमचा फ्लॅट रिकामा होता तोवर चाललं. म्हणून म्हणते, आमची चार नंबरची घ्या ना — लिफ्टला लागून, कचऱ्याचा वास नाही. यांना चालेल का? यांना अजून सांगितलं नाही. सांगेन, इन्शाल्ला.

एवढं काय त्यात, म्हणता? अहो, मे महिन्यात मी ठाण्याला गेले, भावाकडे — आमच्या घराच्या जागी टॉवर झालाय, त्यात त्याचा फ्लॅट. गेटवरचा वॉचमन म्हणतो, ऐसा कोई नहीं रहता. विकून पुण्याला गेला होता भाऊ, मला कळवलंसुद्धा नाही. माझ्याच आईच्या अंगणात मी उन्हात उभी, हातात खजुराचे डबे. फार वाईट वाटलं हो. तिथे नाही रडले. इथे येऊन रडले, उम्म सालेमपुढे. तर तिने माझाच पदर ओढला, त्यात खजूर ओतले, वर अत्तराची बाटली, आणि म्हणाली, तू भी इधर ही रख ले तेरा घर, जगह बहुत है. एका गाडीच्या जागेत, बरं का!

आला हॉर्न! आज शुक्रवार ना, आली उम्म सालेम! उठा, उठा, यल्ला! चहा मग घ्या, चावी कुठंय? आणि गाडी जपून काढा हं — खांबाच्या डावीकडे माझी खोली आहे.