दहा बाय बाराची खोली

चिंतामण : हर्षलराव, हाच प्रश्न तुम्ही मागच्या शनिवारी विचारलात, आणि त्याच्या आधीच्या शनिवारीही. होम थिएटरचे दोन्ही रिसीव्हर चांगले आहेत. माझं उत्तर काही बदललेलं नाही.

हर्षल : तसं नाही काका. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण सगळे स्पीकर एकदम चालू असताना एकेकाला ताकद किती मिळते, ते कंपनी लिहीतच नाही. हे बघा, मी तक्ता केलाय. चौदा मॉडेलं, बावीस रकाने.

योगिनी : याच्यापेक्षा आमचं लग्न लवकर ठरलं होतं.

चिंतामण : बसा ताई. ती एसीखालची खुर्ची घ्या. तुम्ही दुकानात पहिल्यांदाच येताय ना?

योगिनी : हो. यांची पाचवी खेप आहे म्हणे. मला म्हणाले, आज फायनल करायचंय, तूही चल ऐकायला. मी दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर होते हो. "मॅडम, सर्व्हर आला का, मॅडम, सर्व्हर आला का." मला आता सगळं सारखंच ऐकू येतंय.

हर्षल : अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे. जुन्या रिसीव्हरवर तूच म्हणायचीस ना, गाड्या उडतात त्या ऐकू येतात, माणसं काय बोलतात ते कळत नाही.

योगिनी : मी म्हणायचे, आवाज कमी करा.

चिंतामण : दोघांचंही बरोबर आहे. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तो कमी पडला की आपण सगळाच आवाज वाढवतो, मग शेजारी खाली येतात. हर्षलराव, मी आधीही म्हटलं होतं. हा पाच स्पीकरचा घ्या आणि मोकळे व्हा. हा दुसरा सात स्पीकरचा, वर छतालाही दोन लावता येतात. पण त्याला खोली तशी लागते. तुमची किती आहे?

हर्षल : दहा बाय बारा.

योगिनी : दहा बाय बारा कशी? हॉल मोठा आहे की आपला.

हर्षल : हॉलमध्ये नाही. आतल्या खोलीत.

योगिनी : आतल्या म्हणजे? आईंच्या?

हर्षल : रिकामीच आहे ना आत्ता.

योगिनी : आत्ता आहे. दिवाळीनंतर रिकामी असते, आखाजी झाली की त्या येतात. यंदा आखाजी होऊन बारा दिवस झाले.

हर्षल : तुला सांगितलं ना मी. दादा म्हणाला, यंदा आईला नामपूरलाच राहू दे. ऊन फार आहे, गाडीत त्रास होईल तिला.

योगिनी : यंदा म्हणाले ना. भिंतीला भोकं पाडून स्पीकर लावलेत, तर ते काय यंदापुरते असणार आहेत?

हर्षल : ते बघू गं पुढचं पुढे. इथे नको.

योगिनी : काकांना काय, रोज नवराबायको येत असतील त्यांच्याकडे. नाही का हो काका?

चिंतामण : येतात. निम्मे भांडून जातात, निम्मे परत येतात. आई म्हणजे तुमच्या सासूबाई का?

योगिनी : हो. पाच वर्षांपूर्वी सासरे, आबा, गेले. तेव्हापासून सहा महिने नामपूरला मोठ्या दिरांकडे, सहा महिने आमच्याकडे. खंडेरावदादा आणि आमचे हे, दोघंच भाऊ. त्यांनी बसून ठरवलं, दिवाळी आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, या दोन तारखा. खरं सांगू काका? यंदा येणार नाहीत म्हणाले, तेव्हा मला आधी हुश्श झालं. मग दोन दिवस स्वतःचीच लाज वाटत होती.

हर्षल : योगिनी, अगं काय हे!

योगिनी : काय खोटं बोलले? तेव्हाच म्हटलं होतं ना तुम्हाला, दादांना फोन लावून द्या, मी बोलते. तुम्ही म्हणालात, तो मळ्यात असेल.

चिंतामण : बरं, आधी ऐकून तर घ्या. आणि हर्षलराव, तुमची ती ढॅणढॅण क्लिप आज नको. बोलण्याची पारख सिनेमावर करू नये. ओळखीच्या माणसाचा आवाज लावावा. तो आपल्या कानात मुरलेला असतो, जरा इकडचा तिकडे झाला की लगेच कळतं. मी सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो. फोनमध्ये घरच्या कोणाचा आवाज आहे का?

हर्षल : आईचा आहे. दादाच्या फोनवरून बोलून पाठवते ती कधी कधी.

चिंतामण : मग झालं तर. द्या फोन इकडे, मी सातवाल्याला जोडतो. तुम्ही दोघं तिथे मधोमध बसा. हां, जोडला गेला. कुठला? हा खंडेराव दादा म्हणून आहे, त्यातला वरचा?

हर्षल : तोच. वीस सेकंदांचा.

चतुराबाई (स्पीकरमधून) : चालू झाया का रे हाऊ? बोलू का? हर्षल, जेवना का रे भाऊ? योगिनी कशी शे? तिनं डोकं दुखस का आजून? माले काय बी नको. मी बरी शे.

हर्षल : ऐकलंस? अगं, ऐकलंस का? शेजारी बसून बोलतेय असं वाटतं! तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. काका, हाच. सात स्पीकरवालाच.

योगिनी : माझ्या डोकेदुखीची आठवण आहे त्यांना.

खंडेराव (स्पीकरमधून) : हर्षल, दादा बोलतोय. परवा तू फोनवर म्हणला ना, योगिनी यंदा मायला आणायला नको म्हणते—

हर्षल : काका, तो नको. बंद करा तो.

चिंतामण : अहो, एक संपला की पुढचा आपोआप लागतो. थांबा, कुठे दाबायचं इथे...

योगिनी : राहू द्या काका. चालू राहू द्या.

खंडेराव (स्पीकरमधून) : —तर मला काय राग नाय. नोकरी करून म्हाताऱ्या माणसाचं करायचं, लय होतं बाईमाणसाला. मला समजतं. फकस्त तू आधी सांगायचं व्हतं रे. मायनं आखाजीच्या आदल्या दिशीच पिशवी भरून ठेवली व्हती. रोज दारातल्या ओट्यावर जाऊन बसायची. काल तुझ्या वहिनीनं रिकामी केली ती पिशवी. मायला मी सांगितलं, हर्षलच्या घरात रंगकाम चालू शे. योगिनीचं नाव नाय घेतलं. तूबी नको घेऊ. पोरीबद्दल मायच्या मनात काय यायला नको. इकडं काढलेला कांदा चाळीत साठवायचा राहिलाय, वहिनीला गुडघ्यानं उठवत नाय. करू कायतरी. चल.

चिंतामण : मी... मी चहा सांगून येतो.

योगिनी : बसा हो काका. दुकान तुमचं आहे.

चिंतामण : नाही ताई, तो चहावाला फोन उचलत नाही. जाऊनच सांगावं लागतं. हा तुमचा फोन, हर्षलराव.

[चिंतामण बाहेर जातात आणि जाताना ऐकायच्या खोलीचं दार ओढून घेतात.]

योगिनी : मी कधी म्हटलं, नको?

हर्षल : तसं नाही म्हणालीस गं तू.

योगिनी : मग कसं म्हणाले?

हर्षल : दमते म्हणालीस. गेल्या दिवाळीला आईला सोडून आलो तेव्हा गाडीत म्हणालीस, आता चार दिवस नुसतं झोपावंसं वाटतंय.

योगिनी : दमते म्हटलं. दमते म्हणजे नको का? पोस्टातही दमते मी. उद्या माझा राजीनामा नेऊन द्याल.

हर्षल : मला तुझी काळजी वाटली म्हणून...

योगिनी : माझी काळजी? मग ते बावीस रकाने कोणाचे? होळीच्या वेळी टेप घेऊन खोली मोजत होतात, मी विचारलं तर म्हणालात, कपाट करायचंय. मला वाटलं, आईंच्या साड्या नीट राहतील. मी सुताराचा नंबरही आणून दिला.

[हर्षल फोन खिशात ठेवतो.]

योगिनी : मला सांगितलंत, दादा म्हणतात. दादांना सांगितलंत, योगिनी म्हणते. आईंना तिकडे सांगितलं, रंगकाम आहे. तुम्ही स्वतः काय म्हणालात? एकाला तरी म्हणालात का, की मला नको?

हर्षल : ते कसं म्हणणार? आई आहे माझी.

योगिनी : म्हणून माझं नाव घेतलंत. बरं आहे. सून म्हटलं की कोणी फार विचारतही नाही, खरं असेल का म्हणून. दादांनीसुद्धा नाही विचारलं. वर मला सांभाळून घेतात, देवमाणूस. मला इतकं कसंतरी होतंय ना! आता जाऊबाईंसमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहू? गुडघे धरून त्या बाई करतायत तिकडे, आणि त्यांना वाटतंय मी इथे पाय पसरून बसलेय.

हर्षल : हळू गं. बाहेर ऐकू जाईल.

योगिनी : नाही जात. तुम्हीच सांगितलंत ना मला येताना, या खोलीच्या भिंतींना कसलासा फोम आहे म्हणून.

हर्षल : पंधरा वर्षं वाट बघतोय योगिनी. आधी देवळाली गावातल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या. मग आबांचं आजारपण. मग आपल्या पोरीची, मृण्मयीची दहावी, मग बारावी. प्रत्येक वेळी, हर्षल, आवाज कमी कर. अंबडला कंपनीत दिवसभर प्रेस मशीनचा दणका ऐकतो मी. मला वाटायचं, एक खोली असावी. दार लावून बसावं, माझ्या मनासारखं काहीतरी ऐकावं. दुसरं काय मागतोय मी? मीही थकतो गं. मी कोणाला सांगू?

योगिनी : मला.

हर्षल : तू ऐकलं असतंस?

योगिनी : भांडले असते. चांगली कडाकडा भांडले असते. पण ऐकलं असतं.

हर्षल : चुकलं माझं.

योगिनी : मला नका सांगू. दादांना सांगा.

हर्षल : घरी गेलो की लावतो फोन.

योगिनी : घरी गेलात की पुन्हा त्या रिसीव्हरवाल्यांचे व्हिडिओ लावून बसाल. आत्ता बोला. थेट फोनवर जमत नसेल तर तसं बोलून पाठवा, आईंसारखं.

हर्षल : बरं. ...दादा, हर्षल बोलतोय. ते परवाचं काय झालं ना, जरा गैरसमज—

योगिनी : पुसा ते.

हर्षल : थांब ना. ...दादा, योगिनीची तब्येत आता जरा बरी आहे, तर—

योगिनी : माझी तब्येत आता कुठून आणलीत? पुसा.

हर्षल : तू जरा तिकडे बघ. तू बघतेस म्हणून बोलता येत नाही मला. ...दादा. मी बोलतोय. योगिनी नको म्हणाली नव्हती. तिला मी विचारलंच नव्हतं. मलाच ती खोली पाहिजे व्हती, गाणी-सिनेमा बघायला. तिचं नाव मी उगाच घेतलं. वहिनीलाबी हे ऐकव. मायला काही सांगू नको, मायला मी सांगतो. उद्या सकाळी निघतो मी. ...झालं?

योगिनी : पाठवलंत?

हर्षल : हो. गेला.

चिंतामण : येऊ का आत? चहा आणलाय. साखर कमी सांगितली होती, त्यानं घातलीच आहे. हर्षलराव, रिसीव्हरचं आज राहू द्या. दोन्ही पुढच्या शनिवारीही इथेच असतील.

हर्षल : तुमचा उगाच वेळ घेतला काका.

चिंतामण : माझ्याकडे वेळच असतो. लोक इथे येऊन ऐकतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. तुम्ही निदान पाच वेळा आलात. मी काउंटरवर आहे, तुम्ही निवांत घ्या चहा.

योगिनी : अहो.

हर्षल : काय?

योगिनी : दादांना तर येतो म्हणून सांगून मोकळे झालात. मला अजूनही विचारलं नाहीत.

हर्षल : हो गं. खरंच. ...आईला आणायचं का?

योगिनी : आणा. माझा जीव आहे त्यांच्यावर, आणि दमतेही मी. दोन्ही खरं आहे. पण रात्रीचं उठणं मला आता झेपत नाही. गेल्या वर्षी सकाळी काउंटरवर डोळे मिटायचे, एका माणसाचं रजिस्टर पत्र दुसऱ्याच गठ्ठ्यात टाकलं. यंदा त्यांच्या खोलीत तुम्ही झोपायचं.

हर्षल : रात्री उठते का ती?

योगिनी : म्हणजे काय? तीनदा. पाऊस लागला की चारदा. बाथरूमला जायचं असतं. मागे एकट्या गेल्या आणि पडता पडता वाचल्या, तेव्हापासून मीच सांगितलंय, हाक मारत जा.

हर्षल : मला कधी ऐकू आली नाही.

योगिनी : अगदी हळू मारतात. तुमची झोप मोडायला नको म्हणून.