कोऱ्या लेबलाची तबकडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सर्वांचे दात ज्यांच्या ओळखीचे आहेत ते आपले डॉक्टर. व्यासपीठाला शोभा आणणाऱ्या संगीत विद्यालयाच्या माननीय प्राचार्या. हे सभागृह आणि ही करकरणारी खुर्ची प्रेमाने देणारे ग्रंथपाल. फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसलेले सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे. ‘ओळखा पाहू’ मंडळाचे आजी-माजी सभासद. आणि अगदी शेवटी, दाराजवळच्या खुर्चीत कामाची पिशवी पायाशी ठेवून बसलेला माझा धाकटा भाऊ. सर्वांना मनापासून नमस्कार.

मागे वळून बघू नका, तो बुजरा आहे. बघितलंतच ना! जन्मभर भूगोल शिकवला मी, मला ठाऊक आहे. ‘मागे बघू नका’ म्हटलं की अख्खा वर्ग मागे.

अध्यक्षांनी मघाशी हळूच सांगितलं, ‘वहिनी, थोडक्यात हं.’ डॉक्टर, तुमच्या खुर्चीत मी अर्धा-अर्धा तास तोंड उघडं ठेवून बसले आहे आणि एक शब्द बोललेले नाही. आज तुम्ही बसा.

आम्ही दोघं का चाललो, ते तुम्हाला माहीतच आहे. यांनी चष्म्याचं दुकान आवरलं, माझे गुडघे बोलायला लागले, लेक म्हणाली, ‘आता पुरे, इकडेच या.’ शनिवारी सामान जाईल, त्यामागून आम्ही. तुम्ही यांच्याबद्दल इतकं गोड बोललात की घरी राहतात ते हेच का, असं मला दोनदा वाटून गेलं. त्याबद्दल मंडळाचे आभार मानायलाच मी उभी आहे. पण आभारांच्या आधी माझं एक काम आहे, आणि ते आज झालं नाही तर मग व्हायचं नाही.

नव्या सभासदांना जुन्या बैठका ठाऊक नाहीत, म्हणून सांगते. दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लागायच्या. हे जॅझची एखादी तबकडी कव्हराशिवाय आणायचे, पडद्याआड मशीनवर लावायचे, आणि तुम्ही डोळे मिटून ओळखायचात. ट्रम्पेट कोणाचं, पियानोवर कोण, ड्रमवाला कुठला. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्याने कपबशा धुवायच्या. मंडळाने संगीताची काय सेवा केली ते प्राचार्याबाई सांगतील, माझी मात्र पुष्कळ केली. डॉक्टर तर कपाचा कान असा हळुवार घासायचे की बघत राहावं.

खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण ती खोली मला फार आवडायची. पडदे ओढलेले, फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर आलेली, आणि मोठमोठी माणसं डोळे मिटून बसलेली. कुणाचा अंगठा हलतोय, कुणाची बोटं गुडघ्यावर. चेहऱ्यावरची कामं, काळज्या, हळूहळू सगळं उतरायचं. आपले बँकेतले साहेब तर झोपेतल्या तान्ह्या बाळासारखे हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहायची आणि सूर संपेपर्यंत आत पाऊल टाकायची नाही. चहा निवायचा. निवू दे, म्हणायची मी.

त्या खोलीत पूर्वी माझा धाकटाही असायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. रविवारी काम निघालं तर ते उरकून हातांना तेलाचा वास घेऊन यायचा. त्याचा एक लाडका सॅक्सोफोनवाला होता. काय तो वेग! माणूस एका श्वासात जिना चढून गच्चीवर आणि उतरून परत खाली. माहेरी असताना सकाळी दाढी करताना धाकटा हाच लावायचा आणि आमची आई कानांवर हात ठेवून फिरायची. यांना तो मुळीच सोसायचा नाही. यांनी त्याचं नाव ठेवलं ‘घाईबुवा’. नावं ठेवण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

माझी भावजय गेली, त्यानंतरची गोष्ट. धाकटा पुन्हा रविवारी यायला लागला होता. एक दिवस यांनी मुद्दाम घाईबुवांची रेकॉर्ड लावली आणि विचारलं, ‘ओळखा पाहू, या गृहस्थांची कुठली गाडी चुकतेय?’ सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. धाकटा उठून उभा राहिला. म्हणाला, ‘भाऊजी, ती दवाखान्यात होती ना, तेव्हा माझं डोकं थांबायचंच नाही. धावतच राहायचं. तुम्ही सगळे मला सावकाश घे, धीराने घे म्हणत होतात. माझ्याबरोबर धावणारा हा एकटा होता.’

यावर यांनी काय म्हणावं? ‘अरे, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस? बरं, पुढची रेकॉर्ड.’

अहो, माझ्याकडे असं बघू नका. तुम्ही दुष्ट नाही, हे मला माहीत आहे. रडणारं माणूस समोर आलं की तुम्हाला काय करावं सुचत नाही, म्हणून तुम्ही पुढची रेकॉर्ड लावता. हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. त्याला कसं कळावं?

तो गेला तो गेलाच. भांडण नाही, तंटा नाही, नुसता अबोला. मी त्याच्याकडे जायची, तो मला आमच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि तिथूनच मागे वळायचा. ‘आत ये की रे’ म्हटलं की, ‘ताई, काम आहे.’ आणि घरात आलं की हे पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, ‘बरा आहे ना तो?’ अहो, दहा पावलांवर उभा होता, जाऊन विचारायचंत! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी चपला झिजवत.

आता ज्याच्यासाठी मी ही खुर्ची सोडली, त्याच्याकडे येते.

पुढे एका रविवारी यांनी कप्प्यातून एक तबकडी काढली. मोठी, आणि लेबल कोरं. जुन्या बाजारातून आणलेल्या गठ्ठ्यातली असेल, असं यांना वाटलं. हे म्हणाले, ‘आज मलाही माहीत नाही, मीही तुमच्यात बसतो.’ सुई टेकवली, आणि येऊन खुर्चीत बसले.

मंडळी, ती दुपार आठवते ना? सॅक्सोफोन असा आला, जसं कुणी आपल्या पलंगाच्या कडेला येऊन बसावं आणि काही न बोलता बसून राहावं. एक सूर निघायचा, तो पुरता निवेपर्यंत दुसरा यायचाच नाही. ड्रमवाला तर लांब कुठेतरी, बाहेरच्या रस्त्यावर कुणी चालत असल्यासारखा. संपल्यावर कुणी डोळेच उघडेनात. उन्हाची पट्टी भिंतीवर चढली होती. मी आत येऊन विचारलं, ‘कोण हरलं? कपबशा कोण धुणार?’ तर कुणी अंदाजच केला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी शेवटी ‘त्याला लावा’ व्हायला लागलं. नाव नाही, गाव नाही, नुसता ‘तो’. तुम्ही परदेशी पत्रं पाठवलीत, जाणकारांना फोन केलेत. बँकेतले साहेब म्हणाले, हा बंदराजवळ राहत असणार, खिडकीतून बोटी दिसत असणार. डॉक्टर म्हणाले, या माणसाला आता कुठेच जायचं उरलेलं नाही. प्राचार्याबाईंना मुद्दाम बोलावून ऐकवलं, तर बाई म्हणाल्या, हा मोठ्या आजारातून उठलेला दिसतो, श्वास बघा कसा जपून घेतोय. हसू नका बाई, तुम्हीच म्हणालात! आणि आमचे हे मला म्हणाले, ‘अगं, शेवटच्या घटकेला कानाशी कुणी असावं, तर हा.’ इतकी वर्षं संसार केला, माझं नाव नाही काढलं! पण मी रागावले नाही. कारण मलाही तो आवडला होता. दुपारी ओट्यापाशी एकटी असताना तो मागे येऊन उभा आहे, असं वाटायचं. मागे वळून बघावंसं वाटायचं नाही, इतकं बरं वाटायचं. या वयात, आणि भूगोलाच्या बाईंना!

गेल्या आठवड्यात मी सामान बांधत होते. हे लेकीला फोन करायला बाहेर गेलेले. म्हटलं, कपबशा गुंडाळता गुंडाळता त्याला लावू. मशीनला हात लावायची आमच्या घरात कुणाला परवानगी नाही, म्हणून तर जास्तच हौस. आधी फडक्याने मशीन पुसलं, तबकडी ठेवली, सुई टेकवली आणि आत गेले. कपाभोवती कागद गुंडाळत होते, आणि मला वाटलं, धाकटा आलाय घरात.

अगदी तसंच वाटलं. आता न्हाणीघरातून दाढीचा साबण लावलेलं तोंड बाहेर येईल, आई ओरडेल. मी तशीच धावत बाहेर आले, गुडघ्यांसकट. खोलीत कुणी नव्हतं. मशीनवर कोऱ्या लेबलाची तबकडी फिरत होती, आणि आतून घाईबुवा वाजत होते.

पुसताना वेगाचा खटका माझ्या हाताने सरकला होता. मोठी तबकडी असली की मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, छोटी असली की पंचेचाळीसवर, हा आमच्या घरचा कायदा. ही मोठी असून पंचेचाळीसची निघाली. इतके दिवस आपण तिला हळू फिरवत होतो. आपल्या एवढ्या मोठ्या मंडळात, डोळे मिटून ऐकणाऱ्या एवढ्या कानांत, एकालाही शंका आली नाही. मलाही नाही. आणि ती जुन्या बाजारातली नव्हतीच. तो निघून गेला त्या दिवशी धाकट्याने स्वतःचं कोडं म्हणून एक तबकडी आणली होती, साध्या कागदात. ती न लावताच कप्प्यात राहून गेली. परवा मी त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, ‘हो ताई, होती एक. राहू दे तिकडेच.’

काय म्हणालात? हे म्हणतायत, शक्य नाही.

शक्य आहे, अहो. तुमचा तो आणि तुमचे घाईबुवा, माणूस एकच आहे.

आठवडाभर मी हे पोटात घेऊन फिरले. सांगावं, तर यांचा इतका जिवाभावाचा माणूस मी माझ्या हाताने घालवणार. न सांगावं, तर शनिवारी आम्ही गाडीत बसणार, आणि माझा भाऊ फाटकातूनच मागे वळणार, कायमचा. आमची वयं बघा. अबोल्याला पुष्कळ वेळ असतो, माणसांना नसतो. मी भाऊ निवडला. अहो, मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण मी भाऊ निवडला.

मशीन इथे टेबलावर का मांडलंय, असं मघापासून सगळे विचारतायत, ते यासाठी. डॉक्टर, खटका पंचेचाळीसवर करा. हो, तोच. आणि मंडळी, मिटा डोळे, सवयीप्रमाणे. अहो, तुम्हीही. माझ्यासाठी एकदा. गुच्छ द्या इकडे.

झालं, संपली रेकॉर्ड. टाळ्या नकोत. कृपा करून जरा थांबा.

मी डोळे मिटले नव्हते, म्हणून मला दिसलं ते सांगते. सुरुवातीला यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग मान खाली गेली. मधे एका ठिकाणी, तो एकदम वर चढत जातो आणि श्वास घ्यायलाही थांबत नाही ना, तिथे यांनी चष्मा काढला. जन्मभर दुसऱ्यांना चष्मे लावणारा माणूस, चारचौघांत चष्मा काढत नाही. आणि आता उठून उभे राहिलेत. अहो, पायरी सांभाळा. कुणीतरी हात द्या त्यांना. नको म्हणतायत, जाऊ द्या. वाट द्या जरा, खुर्च्या सरकवा. धाकट्या, तू बस तिथेच. पिशवी उचलू नकोस. आज काम नाहीये तुला.

मागच्या लोकांना ऐकू आलं असेल, मीही यांच्या मागोमाग आले म्हणून ऐकलं, पुढच्यांसाठी सांगते. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘तू हे इतके दिवस एकटाच ऐकत होतास?’

तो म्हणाला, ‘हो, भाऊजी.’

मला आता पुढचं बोलता येणार नाही, मंडळी. अध्यक्ष महाराज, तुमची थोडक्यातली अट मी मोडली. प्राचार्याबाई, तुमची थट्टा केली. मंडळाचा इतक्या दिवसांचा लाडका माणूस भर सभेत हिरावून घेतला. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर घरचं माणूस म्हणून पदरात घ्या. तुम्ही आम्हाला जे प्रेम दिलंत, त्याचे आभार मानायला माझे शब्द पुरे पडत नाहीत, म्हणून हात जोडते. चहा बाहेरच्या खोलीत ठेवलाय. तुम्ही सगळे पुढे व्हा, आणि जाताना दार लोटून घ्या. या दोघांना थोडा वेळ इथे बसू दे.