कॅबिनेटच्या दारावरचे आकडे

जबाब, दि. १४/१०/२०२५

मी गुणाजी तुकाराम परब, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (मशीन दुरुस्ती), रा. कांजूरमार्ग पूर्व. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मुलुंड येथील एका गाळ्यात मी बावीस वर्षे कामाला आहे. मालक केयूर वैद्य यांची तक्रार आहे की मी डूख धरून सीएनसी मशीनमध्ये चुकीचा आकडा भरला आणि तीनशे वीस पार्ट खराब केले. तक्रार साफ खोटी आहे.

मार्चमध्ये मशीनचे टेबल अडखळत सरकू लागले. मी डायल लावून पाहिले. दिशा उलटी केली की टेबल सरकवणारा स्क्रू फिरायचा, पण टेबल थोडा वेळ जागचे हलत नसे. याला आम्ही लॅश म्हणतो. स्क्रू मधोमध झिजला होता, टोकांना ठीक होता. मी बदलायला सांगितला. मालक म्हणाले, "काका, कंट्रोलमध्ये आकडा टाका ना यार, मशीन तेवढा फरक भरून काढेल." मी म्हटले, "शेठ, मधली झीज वेगळी, टोकाची वेगळी. एक आकडा दोन्हीकडे कसा बसणार? दुखतोय दात आणि पावडर लावताय गालाला." ते हसले. आकडा मी भरला, हे खरे आहे.

दर महिन्याला झीज वाढली, तसा आकडा वाढवला. प्रत्येक माप, तारीख आणि 'शेठना सांगितले' असे मी मार्करने मशीनच्या वायरिंगच्या कॅबिनेटच्या दारावर आतून लिहीत असे. माझी जुनी सवय. माझ्याकडे वही कधी कोणी मागितली नाही.

४ ऑक्टोबरला गिऱ्हाइकाकडून पार्ट खराब म्हणून परत आले. गिऱ्हाइकासमोर मालक म्हणाले, "म्हातारा सटकलाय, यानेच वाट लावली." त्यांच्या वडिलांनी मला कधी अरे-तुरे केले नव्हते. मला फार लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आपण म्हणालात, दारावरचे आकडे दाखवा. ते आता नाहीत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालकांनी रंगाचा डबा दिला. म्हणाले, "पूजेला मशीन झकास दिसू दे, यंदा दार आतूनही रंगवा." पार्ट परत येणार हे त्यांना त्या दिवशी सकाळीच फोनवर कळले होते. मला ते नंतर समजले. आकडे मला दिसत होते. पूजेनंतर नव्याने लिहू, असे म्हणून मी रंगाचे दोन हात मारले. वर कुंकवाने स्वस्तिकही मीच काढले.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. याची एक प्रत मला आजच मिळावी, एवढी विनंती करून सही करतो.