बंद पाण्यातले खेकडे

हुपो बंदराच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. सुनेच्या हातातल्या पाटीत जिवंत लाल खेकडे होते.

"आई, समुद्रात कचरा टाकायला बंदी येऊन किती वर्षं झाली. सरकारनं खेकडे तपासले, मगच त्या बंद पाण्यातली मासेमारी खुली केली."

"तपासले ते जित्यांसाठी. आज ह्यांचं श्राद्ध आहे. गटारांचा नि कारखान्यांचा गाळ ओतला, तिथलं पानावर वाढू?"

"मामंजी तिथंच तर पिंजरे टाकायचे."

"कचऱ्याची जहाजं यायच्या आधी. पुढं खेकड्यांत माणसांचे केस निघायला लागले. त्यानंतर ह्यांनी खेकडा तोंडात घातला नाही."

"म्हणूनच आणलेत. आवडीचं होतं त्यांच्या."

"नैवेद्य आधी चाखता येत नाही, नाहीतर मीच बघितला असता."

"मी काल तिथलाच एक आणून, उकडून खाल्ला."

"सासूला न विचारता?"

"तुमच्या लेकालाही दिला. नांग्या त्यानंच संपवल्या."

"केसबिस?"

"काही नाही. गोड होता."

सासूनं पाटीत वाकून पाहिलं.

"मग पाठीचं कवच फोडू नकोस. हे त्यातच भात कालवायचे."