मोठा हुक आणि माझी खाज

...आणि वर तोंड करून सांगतात काय, तर खाजवू नका! अहो, खाजवू नका काय खाजवू नका? तुम्हाला सांगतो, ज्याच्या डोक्याला जन्मात खाज सुटली नाही ना, त्या प्रत्येक माणसाला हे एवढं एकच वाक्य येतं. डॉक्टर म्हणतो, खाजवू नका. बायको म्हणते, "अहो, चारचौघांत तरी खाजवू नका." सासूबाई फोनवरून बायकोला सांगतात, "जावईबापूंना म्हणावं, खाजवू नका." फोनवरून! त्यांना काय दिसत होतो मी? आता खाजवत होतो म्हणा, पण दिसत नव्हतो ना!

सोरायसिस आहे मला, डोक्याचा. लागण होत नाही आणि जातही नाही. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं, "याच्याशी मैत्री करा." मैत्री? हा माझ्या डोक्यावर बसून खपल्या पाडणार आणि मी याच्याशी मैत्री करू? बरं, ऋतू बदलला की टळेल म्हणावं, तर छे! थंडीत टाळू अशी कोरडी पडते की काळा स्वेटर घातला की लेक विचारते, "बाबा, बाहेर बर्फ पडतोय?" उन्हाळ्यात घाम त्या खपल्यांत शिरला की जी आग होते... शत्रूला नको! पावसाळ्यात वाटतं आता तरी आराम, तर केस वाळत नाहीत आणि खाज दुप्पट. शाम्पू दिलाय तो डांबराचा. डांबराचा हो! न्हाऊन आलो की शेजारी खिडकीतून डोकावतात, रस्त्याचं काम कुठे निघालंय म्हणून. आणि तो न्हावी! माझ्या डोक्यात बघितलं आणि दोन पावलं मागे... "साहेब, तुम्ही घरीच कापत जा ना." संताप येतो नुसता!

हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण माझं कामच असं आहे ना! मी बांधकामावर क्रेनला इशारे देतो. खाली मी उभा, वर केबिनमध्ये क्रेन चालवणारा. त्याला सगळे 'वरचा'च म्हणतात. गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर. घरात माझ्या शब्दावर कुणी पंखा बंद करत नाही, पण इथे बोट फिरवलं की तुळया आभाळात जातात! हे काम गेलं तर मी गोदामात बसून नटबोल्ट मोजणार... नाही हो, मरेन मी तिथे!

आता क्रेनला हुक दोन, एक छोटा, एक मोठा. 'मोठा हुक सोड' म्हणायचं तर इशारा काय? मूठ वळायची आणि डोक्यावर ठोकायची. आणि हेल्मेटखाली खाज सुटली तर माणूस काय करतो? बोट आत जात नाही, हेल्मेट काढायला बंदी... मूठ वळतो आणि डोक्यावर ठोकतो! तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार? आणि म्हणे खाजवू नका!

इतके दिवस मी ओठ चावून काढले. पण त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, छोट्या हुकाला स्टीलची नवीकोरी टाकी लटकलेली, गच्चीवर चढवायची. खाली मालक उभे, शेजारी सुरक्षाअधिकारी. टाकी अर्ध्यावर गेली आणि सुटली की हो खाज! अशी सुटली, अशी सुटली की डोळ्यांत पाणी. हात कधी वर गेला मला कळलंच नाही. ठक, ठक!

वर बघतो तर टाकी थांबलेली आणि मोठा हुक निघालाय खाली, टाकीच्या रोखानं! मी ओरडलो, "अरे ए शहाण्या, मोठा कशाला सोडतोस?" त्याला काय ऐकू जातंय! आणि मग... काय सांगू तुम्हाला... संतापलेला माणूस करतो तेच मी केलं. कपाळावर हात मारून घ्यायला गेलो. मूठ वळलेलीच होती. हेल्मेटवर. ठक, ठक, ठक!

त्यानं हुक आणखी जोरात सोडला.

शेवटी दोन्ही हात फैलावून 'थांब' केलं तोवर... ढांग! टाकीला हा एवढा पोचा. टाकीखाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर?

झाली चौकशी. वरचा म्हणाला, "यानं इशारा दिला, मी पाळला. दोनदा दिला. मला वाटलं, घाई आहे." सुरक्षाअधिकारी माझ्यावर उखडले, "डोक्याला एवढी खाज सुटते हे आधी सांगता येत नव्हतं?" म्हटलं, साहेब, न्हावी पळून गेला, तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? ते म्हणाले, "उद्यापासून गोदामात."

तेवढ्यात वरचा म्हणाला, "मग मीही खाली उतरतो. याच्या इशाऱ्याशिवाय मी काडी उचलणार नाही. याच्या खाजेचं मी बघतो." बघतो म्हणजे कसं? तर मूठ डोक्यावर ठोकायचा इशारा माझ्यापुरता रद्द. मोठा हुक नव्या आणलेल्या वॉकीटॉकीवर मागायचा. आणि माझा हात डोक्याकडे वळला की वरच्यानं काम थांबवून लांबलचक भोंगा वाजवायचा. नोकरी वाचली, पण अब्रू? भोंगा झाला की गवंडी, सुतार, वेल्डर, झाडून सगळे एका सुरात, "खाजवू नकाऽऽ!" परवा तर समोरच्या इमारतीतल्या बाई गॅलरीतून ओरडल्या. ओळख ना पाळख!

काल डॉक्टरकडे गेलो. त्यानं डोकं बघितलं, चाट पडला. "वा! एकही ओरखडा नाही. खाजवणं सुटलं तर! कशानं हो, माझ्या मलमानं?"

म्हटलं, "मलमानं नाही. क्रेननं."

"छान! तीच चालू ठेवा. आणि खाज कशी आहे?"

म्हटलं, "ती ना? ती मजेत आहे."