बिनलसणाची फुलगोबी

सत्यवती : हे हॉटेलचे रिकामे खोके काहून आणले तुमी?

रविंद्र : ठेव वं तिकडे फळीवर. पाहुण्यांच्या नजरेत पडले म्हणजे झालं.

सत्यवती : सकाळपासून मी फुलगोबी करून राहिली. कोमट मीठपाण्यात बुडवली, अळ्या पाहिल्या, एक एक तुरा फडक्यावर कोरडा केला. रात्रीच दही टांगून ठेवलं होतं, त्याच्या चक्क्यात आलं-मिरची घालून मुरवली. आन् तुमी खोके घेऊन आले?

रविंद्र : गोबी तुझीच वाढायची. मस्त झाली आहे, मी चाखली. फक्त सांगायचं का बर्डीवरच्या हॉटेलातून आणली.

सत्यवती : काहून सांगायचं?

रविंद्र : तुले माहीत नाही का?

सत्यवती : माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

रविंद्र : अनंतराव आन् त्याची बायको प्रमोदिनीबाई आपल्या घरचं खात नाही. हापिसात इतकी वर्षं एका टेबलावर बसतो आमी. त्याच्या पोरीच्या लग्नात रात्रभर मांडवात राबलो मी. तो आपल्याकडे आला का त्याचा उपास निघते. हॉटेलात मात्र माझ्याच प्लेटीतलं उचलून खाते.

सत्यवती : म्हणजे भटारखान्यात कोणाचाही हात चालते. माझा चालत नाही.

रविंद्र : मी त्याले सांगून ठेवलं, सगळं बाहेरून येणार म्हणून. तव्हा कुठं तो हो म्हणाला.

सत्यवती : म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं. आन् मले म्हणता, क्लासमध्ये शिकली ते कर, जेवणाच्या आधी काडी टोचून देतात ते. त्यांच्यासाठी लसूण नाही घातला मी. आपल्या घरात लसणाशिवाय कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही, तरी नाही घातला. मले लय राग येऊन राहिला तुमचा. त्यांच्यापेक्षा तुमचा जास्त.

तुळसाबाई : हळू बोलून काय फायदा गा रविंद्रा? माय बहिरी नाही झाली अजून.

रविंद्र : काही नाही आई, तू पड जराशी.

तुळसाबाई : आपल्या कुही गावाले माह्या हातानं रोवलेला धान सारं गाव खाये. कोनं रोवला, कोनी इचारे नाही. तोच धान मी शिजवला का त्यायले इटाळ होये. छप्पन साली दीक्षा घेतली तव्हा वाटलं, सुटलो बा याच्यातून. आन् आता माहाच पोरगा सुनेचा हात लपवून राहिला.

रविंद्र : मले एकदा पाहायचं होतं, आई. तो माझ्या घरी बसून जेवून राहिला, एवढंच. खोटं तर खोटं.

सत्यवती : तो हॉटेलचं खाईन. तुमच्या घरी बसून, पण हॉटेलचं. त्याच्यात तुमाले काय भेटन?

रविंद्र : मले राग येत नाही का? रोज येते. पण उद्या सकाळी त्याच्याच बाजूले बसायचं आहे मले, तुले नाही.

सत्यवती : मग बसा. मी खोटं बोलणार नाही. प्रमोदिनीबाईनं विचारलं तर सांगीन, मी केलं. नाही विचारलं तरी सांगीन.

(बाहेर फाटकाची कडी वाजते.)

तुळसाबाई : जाय बाबू. दार तुलेच उघडा लागते.

रविंद्र : या अनंतराव. या वहिनी, आत या. बसा.

अनंतराव : वा, काय वास सुटलाय. तुम्ही म्हणालात तसं बर्डीवरूनच आणलंत ना सगळं?

रविंद्र : नाही. ते मी खोटं सांगितलं होतं. सगळं हिनं केलं आहे, घरीच.

अनंतराव : असं होय. नाही, म्हणजे काय आहे रविंद्र, हिचं पोट सकाळपासून जरा बरं नाही. आणि मीही निघताना थोडं खाऊन घेतलं. आम्ही नुसते बसतो थोडा वेळ.

रविंद्र : बसा ना. सत्यवती, वाढ. गरम आहे तंवर आपण तिघं खाऊन घेऊ.